आल्याचा वास

लुमेनला दारुड्यांची किळस होती, आणि ती काही आजकालची नव्हती. तीस वर्षं सुईणपण करताना तिनं त्यांचे सगळे नमुने पाहून घेतले होते. बायको आत कळा सोसतेय आणि नवरा अंगणात डुकराच्या खुराड्याला टेकून ओकतोय, की डुक्कर कुठलं आणि बाप कुठला ते कळू नये. तिचा स्वतःचा नवरा इस्को यकृत सडून गेला. शेवटच्या महिन्यात त्याच्या चादरी धुताना ती नाकाला फडकं बांधून बसायची. दारुड्याचा वास तोंडातून नाही, घामातून येतो, हे ती गावातल्या प्रत्येक नव्या नवरीला आवर्जून सांगायची.

ती स्वतः प्यायची, पण ती गोष्ट वेगळी, असं तिचं मत होतं. आपला तो बाब्या. चारचौघांत बसणं नाही, गाणी नाहीत, भांडणं नाहीत. स्वयंपाकघराच्या फळीवर शिरक्याच्या पाच बाटल्या ओळीनं उभ्या असत, आणि त्यातल्या चौथ्या बाटलीत शिरका नसे, जुनी मुरलेली माडी असे. खारफुटीची साल घातली की माडीही तांबडी आणि तिचा शिरकाही तांबडा, त्यामुळे बघून कुणाला काही कळायचं नाही. संध्याकाळी एक पेला, कधी दोन, कधी मोजायचं राहून जाई. तोंडाला लावण्याआधी मात्र ती पहिला थेंब खिडकीतून बाहेर सांडायची आणि पुटपुटायची, "ताबी." डोळ्यांना न दिसणारे जे कुणी आसपास वावरतात, त्यांना आधी द्यायचं आणि त्यांची माफी मागायची, ही पिणाऱ्यांची रीत. एवढं केलं की तिला आपण कुणाचं काही चोरत नाही असं वाटायचं.

सुनेनं, जेसेलिननं, ती चौथी बाटली उचलली तो रविवार होता. तिला आठवा महिना चालू होता आणि कच्च्या माशाला शिरका लावून खायचे डोहाळे लागले होते. तिनं मासा चिरला, कांदा चिरला, बाटली उपडी केली आणि बोट चाटलं. मग वाडगा तसाच हातात घेऊन ती ओसरीवर लुमेनपुढं आली. वयानं मोठ्या बाईला तिकडं सगळेच नानाय म्हणत, म्हणजे आई.

"नानाय, हा शिरका गोड लागतोय."

"आंबला नसेल अजून."

"तीन वर्षं झाली मला ह्या घरात येऊन. ही बाटली कधी आंबत नाही आणि कधी संपतही नाही."

जेसेलिननं मासा कुत्र्यापुढं ठेवला. कुत्र्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"मला वाटायचं, म्हातारपणाचा वास येत असेल," जेसेलिन म्हणाली. "मी तुमच्या मुलालाही सांगितलं होतं, नानायना वास येतो, पण त्याला काय करणार, वय झालं."

जेसेलिन मासळीबाजारातली पोरगी. तिचा बाप लिलाव करायचा आणि ती सहा वर्षांची असल्यापासून माशाचे कल्ले उघडून ताजा की शिळा ते सांगायची. तिनं रडारड केली नाही, आरडाओरडा केला नाही. बाजारात भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. गावात हे कुणाला कळणार नाही. बोटीवर असलेल्या नवऱ्यालाही ती कळवणार नाही. पण दारू सोडणाऱ्यांची मंडळी जिथं जमतात तिथं नानायनी बाळ येईपर्यंत दर गुरुवारी जायचं, आणि रोज संध्याकाळी तोंड हुंगू द्यायचं. एक दिवस जरी वास आला, तरी ती बाळंतपणाला शहरातल्या दवाखान्यात जाईल आणि बाळ नानायच्या हातात कधीच देणार नाही.

म्हणजे काय, हे लुमेनला फोडून सांगायची गरज नव्हती. अख्ख्या गावाची पोरं जिनं हातांवर झेलली, तिची स्वतःची सून चाळीस किलोमीटरवर बाळंत होणार. गावातल्या बायका असल्या गोष्टींचा अर्थ लावायला दुपारसुद्धा घेत नाहीत.

दारू सोडणाऱ्यांचा पत्ता तिला शोधावा लागला नाही. तो कागद तिनंच स्वतःच्या हातानं बाळंतखोलीच्या दारावर चिकटवला होता आणि किती बायांना बोट दाखवून वाचून दाखवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान. कागदावर तीन जागा होत्या. तिनं सगळ्यांत लांबची निवडली, दापदाप नावाच्या बंदरगावातली. तिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि कुणी भेटलंच तर सांगायला एक दीरही तिनं तयार ठेवला होता. दीर पितो, त्याच्यासाठी चौकशीला आले.

गुरुवारी दुपारी चार वाजता ती जीपमधून उतरली. जागा म्हणजे मासळीच्या बर्फाची जुनी खोली. बर्फाचा कारखाना बंद पडून वर्षं झाली होती, पण वास तिथंच मुक्काम ठोकून होता. भिंती हिरव्या, जमीन चिकट, आणि मधोमध प्लास्टिकच्या सहा खुर्च्या. खुर्च्यांवर चार पुरुष. एकाला पुढचे दात नव्हते. एकाच्या सदऱ्यावर कशाचा तरी वाळलेला डाग होता. कोपऱ्यातल्या बशीत मऊ पडलेली बिस्किटं होती आणि त्यांवर माशा होत्या. लुमेननं खुर्ची रुमालानं पुसली आणि अगदी कडेला टेकली.

आणखी किळस पुढंच होती. मधल्या स्टुलावर आल्याच्या काढ्याची किटली होती आणि काचेचा पेला फक्त एकच होता. माडीच्या अड्ड्यावर बसतात अगदी तसंच. एकानं ओतायचं, एका पेल्यातून सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायचं, रिकामा पेला ओतणाऱ्याकडं परत द्यायचा.

"हे असं का?" तिच्यानं राहवलं नाही. "चार पेले मिळत नाहीत का ह्या गावात?"

"मिळतात की," बोळकं वासत पोरिंग आजोबा म्हणाले. "आणले होते. पण प्रत्येकाच्या हातात आपापला पेला आला की कुणी बोलेचना. आम्हांला दुसरं काही येत नाही, नानाय. चाळीस वर्षं असंच बसलोय. दारू काढून घेतलीत, आता बसणंही काढून घेता का?"

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं तिच्या मनात आलं.

ओतणारा माणूस पन्नाशीच्या आतला, खांद्यांनी रुंद, पायांनी किंचित फेंगडा. त्यानं नियम सांगितला. पेला हातात असेल त्यानं बोलायचं, नसेल त्यानं ऐकायचं, आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही. किटली नुकतीच उकळली होती. त्यानं पहिला पेला भरला आणि पाहुणी म्हणून तिच्या हातात दिला.

तिनं काठ रुमालानं दोनदा पुसला. दिराची गोष्ट ओठांवर तयार होती. पेला उचलला, आणि तिचं मनगट आपोआप वळलं. थेंबभर काढा जमिनीवर सांडला आणि ती म्हणाली, "ताबी."

पोरिंग आजोबांनी जमिनीवरच्या ओल्या ठिपक्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"आल्याच्या काढ्याला कुणी ताबी म्हणत नाही, नानाय," ते अगदी मायेनं म्हणाले.

तिचे कान तापले. दीर जागच्या जागी मेला. नवऱ्यासाठी, भावासाठी, दिरासाठी आलेली बाई काढा सरळ पिऊन टाकते. पहिला थेंब फक्त पिणारा सांडतो, आणि तोही रोज पिणारा. चार दारुड्यांसमोर ती अशी उघडी पडली होती, आणि त्यांच्या तोंडावर हसूसुद्धा नव्हतं, समजूतदारपणा होता. तोच तिला सगळ्यांत घाणेरडा वाटला. हसले असते तर उठून गेली असती.

"थोडी घेते," ती म्हणाली. "औषधापुरती." आणि काढा घशाखाली ढकलून पेला परत केला.

मग पेला फिरला. डागाच्या सदऱ्यावाले डेल्फिन मास्तर वर्गात कसे पडले ते सांगत रडले, आणि त्यांचं नाक वाहून ओठावर आलं तरी त्यांनी पुसलं नाही. लुमेननं नजर बिस्किटांवरच्या माशांकडं वळवली. पोरिंग आजोबा म्हणाले, आज सांगण्यासारखं काही नाही, फक्त बायको वारली तेव्हा आपण शुद्धीत नव्हतो हे पुन्हा एकदा सांगतो. चौथा माणूस नुसता पिऊन गप्प बसला. शेवटी ओतणाऱ्यानं स्वतःसाठी भरला.

"मी सांतो. माझं जुनंच आहे. पण आज ते सांगताना इथं साक्षीदार बसलाय, म्हणून जरा नीट सांगतो."

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तिला ते पाय आठवले. फेंगडे, माडावर चढून चढून फाकलेले पाय. काबुतानच्या डोंगरातला माडी काढणारा. अकरा वर्षांपूर्वी ती तिथं एका बाळंतपणाला गेली होती, आणि त्यानंतर त्या डोंगरात पुन्हा कधी गेली नव्हती.

"मी माडावर माडी काढायचो आणि माडावरच प्यायचो," सांतो सांगू लागला. "भरदुपारी बायकोच्या कळा सुरू झाल्या. मी खाली उतरलो तो तर्र. ही नानाय आत होती. मी दाराकडं धावलो. दार आठवतं, आणि तिनं मला डुक्कर म्हटलेलं आठवतं. मधलं काही आठवत नाही. नंतर तिनंच सगळ्यांसमोर सांगितलं, की पोरीचा खांदा अडकला होता, ती तो हलक्या हातानं सोडवत होती, आणि मी आत घुसून तिच्या कोपराला धडकलो. हाताला हिसका बसला. आमची आनालिन अकरा वर्षांची झाली. डावा हात वर जात नाही. वेणी तिची आई घालते."

त्यानं पेल्यात पाहिलं.

"त्या दिवशी मी कोयता विकला, डोंगर सोडला. बर्फाच्या लाद्या ओढल्या, पण थेंब घेतला नाही. प्यावंसं वाटलं की पोरीचा हात बघतो, मग शिसारी येते. नानाय, तुम्हांला कधी भेटेन असं वाटलं नव्हतं. तुम्ही मला डुक्कर म्हणालात, त्या शब्दानं मी माणूस झालो. देव तुमचं भलं करो."

इतरांनी माना डोलावल्या. लुमेननंही डोलावली. काहीतरी करायला हवं होतं म्हणून तिनं बशीतलं एक बिस्किट उचललं आणि माशा बसलेलं ते बिस्किट चावून गिळलं.

कारण कोपराला कुणीही धडकलं नव्हतं. सांतो दारापर्यंत येऊन उंबऱ्यावरच कोसळला होता. डोंगर चढताना वाटेत एका घरी तिनं दोन पेले घेतले होते, मग तिसरा. खांदा अडकला तेव्हा काय करायचं ते तिला पाठ होतं, शेकडो वेळा केलेलं होतं, पण बोटं आपली वाटत नव्हती. ती घाबरली आणि तिनं ओढलं. जे कधीही करू नये म्हणून ती शिकाऊ पोरींना बजावायची, तेच केलं. पोरगी रडली, हात लोंबकळला. आत दुसरं कुणी नव्हतं, बाळंतीण ग्लानीत होती, आणि उंबऱ्यावर एक दारुडा आयता पडलेला होता. त्याच्या अंगाचा वास एवढा होता की तिचा कुणाला आलाच नाही.

घरी पोचली तेव्हा जेसेलिन दारातच उभी होती.

"आ करा."

लुमेननं आ केला. सून जवळ आली आणि कल्ले उघडून हुंगावं तसं तिनं हुंगलं.

"आलं," जेसेलिन म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच हसली. मग आत जाऊन बाळाची टोपडी घेऊन आली आणि सासूच्या मांडीवर ठेवली. "ह्यांना काठ शिवायचाय, नानाय. तुमचा हात चांगला आहे."

तो आठवडा वाईट गेला. प्यायली नाही, पण न पिण्याचंही तिला काही वाटेना. रात्री चादर भिजायची, आणि तो घामाचा वास इस्कोच्या चादरीचाच होता. नाकाला फडकं बांधून स्वतःपासून थोडंच लांब जाता येतं? ती टोपड्याला टाका घालायची आणि उसवायची. गप्प राहिलं तर काय बिघडणार होतं? सांतो सुधारला होता, सून निवळली होती, बाळ हातांत येणार होतं. एका खोट्यानं तीन माणसांचं भलं झालं होतं. ती हे स्वतःला पटवायला बसली की घशाशी आंबट पाणी यायचं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच थांबतं, पण अकरा वर्षं तिच्यापुरतं तरी थांबलं होतं, आणि त्या अंधारात एक माणूस स्वतःच्या पोरीकडं गुन्हेगारासारखा बघत बसला होता.

दुसऱ्या गुरुवारी सांतोनं पहिला पेला पुन्हा तिलाच दिला. तिनं काठ पुसला नाही. थेंब सांडला, पण ताबी म्हणाली नाही. ज्यांची माफी मागायची होती ते सगळे दिसत होते.

"सांतो, तू मला धडकला नव्हतास," ती म्हणाली. "तू दारापाशी पडलास. आत आलाच नाहीस. मी प्यायले होते. तीन पेले. पोरीचा हात मी ओढला. आणि मग तुझ्यावर ढकलून दिलं, कारण तू तिथं होतास आणि तुला काही आठवणार नव्हतं. डुक्कर मी होते."

सांतो किटली हातात धरून बसला होता. त्याचा चेहरा आधी काहीच सांगेना. मग तो हळू आवाजात बोलू लागला, जणू हिशेब जुळत नाही म्हणून पुन्हा मांडतोय.

"माझी बायको अकरा वर्षं माझ्याशी धड बोलली नाही. पोरगी माझ्याकडं पाठ करून केस विंचरते. मी तिच्या हाताकडं बघून दारू सोडली, नानाय. त्या हाताकडं बघून." त्यानं किटली स्टुलावर ठेवली. "आता कशाकडं बघून नको म्हणू?"

तो उठला आणि बाहेर गेला. दार सताड उघडं होतं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं माडीचं दुकान, दुकानापुढं बाक. सांतो त्या बाकापाशी जाऊन उभा राहिला. दुकानवाल्यानं त्याला काहीतरी विचारलं.

लुमेन उठू लागली तशी पोरिंग आजोबांनी मान हलवली.

"हाताला धरून कुणाला आणायचं नाही. नियम आहे. पेला थांबवायचा नाही, हाही नियम आहे. ओतणारा नसला तर शेवटी बोलला त्यानं ओतायचं."

म्हणून तिनं किटली उचलली. ज्या माणसांच्या शेजारी बसायचीही तिला शिसारी होती, त्यांना ती ओतून देऊ लागली. मास्तरांना दिलं, त्यांच्या नाकाकडं न बघता. आजोबांना दिलं. चौथ्याला दिलं, आणि चौथा, जो कधीच बोलत नसे, तो म्हणाला, "तुमची मला घाण वाटते." ती म्हणाली, "मलाही." पेला दुसऱ्यांदा फिरला. किटली गार झाली. दुकानासमोर सांतो अजून उभाच होता, आता पाठ खोलीकडं करून, आणि त्याच्या हातात काही आहे की नाही ते इथून दिसत नव्हतं.

पेला तिसऱ्या फेरीला लागला तेव्हा तो आत आला. आपल्या जागी न बसता लुमेनच्या समोरच्या खुर्चीवर बसला. ती त्याच्या इतकी जवळ होती की वास आला असता. आला नाही. तिनं ओतलं. त्यानं एका दमात संपवलं आणि पेला परत देताना तिच्या बोटांना आपलं बोट लागू दिलं नाही.

"रविवारी घरी यायचं," तो म्हणाला. "प्रार्थनेनंतर. माझ्या बायकोसमोर आणि आनालिनसमोर. इथं सांगितलंत तसंच, डुकरासकट."

"येईन."

"माफ करेन असं समजू नका."

"समजत नाही."

"आणि पुढच्या गुरुवारी आलं थोडं जास्त घाला. आज फुळकवणी झालंय."

घरी जेसेलिन दारात होती. पोट आता चांगलंच पुढं आलं होतं, एक हात कमरेवर. तिनं सांगण्याआधीच लुमेननं आ केला. सुनेनं हुंगलं.

"आलं," ती समाधानानं म्हणाली. "चला, दुसरा गुरुवारही झाला."

"उद्या शहरातल्या दवाखान्यात जाऊन नाव घाल," लुमेन म्हणाली. "बाळंतपण माझ्या हातून नको."

"का? मी शब्द दिलाय ना तुम्हांला. वास तर आल्याचाच येतोय."

लुमेननं पिशवीतून टोपडं काढलं. अर्धा काठ शिवलेला, अर्धा उसवलेला. ते तिनं सुनेच्या हातात दिलं.

"आज तू हुंगलंस," ती म्हणाली. "काबुतानला मी एका पोरीचा हात मोडला, त्या दिवशी माझं तोंड कुणीच हुंगलं नव्हतं. बस, सगळं सांगते."